कोरमविना अध्यक्ष

रत्नागिरीत संस्था काढायला कसलीच अडचण येत नाही. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला सात सह्या लागतात आणि आमच्याकडे सात माणसं कट्ट्यावर बसलेलीच असतात. अडचण येते ती त्याच सातांना पुन्हा एका वेळी एका खोलीत आणताना. याच गावात १८२८पासून नगर वाचनालय चालू आहे, त्यामुळे ‘हल्ली संस्था टिकत नाहीत हो’ असं म्हणायचीही सोय नाही. आमच्या आळीतल्या चिमुकल्या वाचनालयाचा अध्यक्ष म्हणून माझी एकमताने निवड झाली. त्या सभेला मी गैरहजर होतो.

पद मिळाल्याबरोबर मी पुण्याला जाऊन नेतृत्वाची कार्यशाळा केली. तिथे सांगितलं, नेत्याने कामं वाटून द्यावीत, स्वतः हात लावू नये. घरात जन्मभर मी हेच करत आलो होतो. त्याला नेतृत्व म्हणतात हे बायकोला ठाऊक नव्हतं, एवढंच.

पहिल्याच बैठकीत मी फळ्यावर लिहिलं, ‘पाच वर्षांनी आपण कुठे असू?’ कार्यकारिणीतला सर्वांत तरुण सभासद पासष्टीचा. अप्पा चष्मा पुसत म्हणाले, “चर्मालयाच्या स्मशानात. पुढचा विषय घे.”

मग मी महर्षी कर्व्यांना मदतीला बोलावलं. आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुडचा माणूस. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून हिंगण्याच्या आश्रमात पायी जायचे, स्वतःची विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. माझा आवाज दाटून आला होता. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “आणि तू नाचण्याहून रिक्षेनं आलास. भाडं संस्थेच्या खात्यात घातलंस काय रे?”

घातलं होतं. ‘किरकोळ खर्च’ म्हणून.

वार्षिक सर्वसाधारण सभेची तारीख काढणं म्हणजे कोकणात मुहूर्ताहून कठीण. मार्चात शिमगा, मग आंब्याचा हंगाम, मग पाऊस आणि लावणी, मग गणपती. मधला एक रविवार मी पकडला आणि कामं वाटली. निमंत्रणं एकाकडे, सतरंजी दुसऱ्याकडे, चहा काकूंकडे. मी कशालाही हात लावला नाही. इतरांनीही लावला नाही.

सभेला मी आणि ग्रंथपाल बाई. कोरम नाही, म्हणून घटनेप्रमाणे सभा तहकूब केली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, कोरमची अट न लागता, पुन्हा सुरू केली. हिशेबांना मंजुरीचा ठराव मीच मांडला. अनुमोदन द्यायला बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मी पगारी आहे, सभासद नाही.” एवढ्यात अप्पा पेपर वाचायला आले. आधी पेपर हातात द्यायचा, या अटीवर त्यांनी सगळ्या ठरावांना अनुमोदन दिलं. इतिवृत्तात ‘साधकबाधक चर्चेनंतर’ असं मीच लिहिलं.

खरा प्रकार कळला तो बँकेत. धनादेशावरची माझी सही बघून तिथल्या मुलाने शांतपणे विचारलं, “बदल अर्ज मंजूर झालाय का?” महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. ते काम मी कार्यवाहांना वाटलं होतं, त्यांनी सहकार्यवाहांना. सहकार्यवाहांनी अर्ज तयार करून फाईलला लावला आणि माझ्या सहीची वाट बघत बसले. मला विचारायला आले नाहीत, कारण ‘अध्यक्षांना किरकोळ कामांत ओढू नये’ हे परिपत्रक मीच काढलं होतं.

म्हणजे एवढे दिवस मी झेंडे फडकवले, बक्षिसं वाटली, एका मंत्र्यांच्या शेजारी बसून फोटो काढला. सरकारदप्तरी अध्यक्ष मात्र माझ्या आधीचे नानाच, आणि ते डोंबिवलीला लेकीकडे. त्यांचा फोन आला, “मीच अजून अध्यक्ष आहे म्हणे. मग सभेची नोटीस मला का नाही रे आली?”

विलंब माफ करावा, असा अर्ज आता मी स्वतः टाइप केलाय आणि सह्यांसाठी घरोघर फिरतोय, पायी. काकूंनी चहा दिला. सही द्यायला ‘उद्या ये’ म्हणाल्या.

तुम्हीही एखाद्या संस्थेचे अध्यक्ष असाल, तर भाषणाची तयारी जरा बाजूला ठेवा आणि धर्मादाय कार्यालयात जाऊन संस्थेच्या नोंदीवर, म्हणजे परिशिष्ट एकवर, नाव कुणाचं आहे, तेवढं बघून या.