कावळा आणि क्लिफर्ड

पुरेशा पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवणं चूकच, असं विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली ठणकावून सांगितलं. दाखला दिला जहाजाच्या मालकाचा. जहाज जुनं, दुरुस्तीचा खर्च मोठा; मालक मनाची समजूत घालतो की आजवर गेलं तसं याही खेपेला जाईल. जहाज बुडतं आणि हा विम्याचे पैसे घेऊन गप्प बसतो. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी माणूस दोषीच. मला हे शंभर टक्के पटतं. फक्त क्लिफर्ड कधी दहाव्याला घाटावर बसला नव्हता.

मामांच्या दहाव्याला कावळा शिवेना. समोरच्या पिंपळावर चांगले चार-पाच बसलेले, पण एक हलेल तर शपथ. ऊन चढलं तशा एकेकाला मामांच्या राहिलेल्या इच्छा सुचू लागल्या. नातीचं लग्न थाटात करू, झालं. तंबाखूची डबी पुढ्यात ठेवली. मधुमेहापायी दहा वर्षं बंद असलेली जिलबीही आली. कावळे ढिम्म. शेवटी थोरल्याने हात जोडले, "अण्णा, राहता ब्लॉक आईच्याच नावावर राहील. कुणी विकायचं नाव काढणार नाही." सगळे हात जोडून चार पावलं मागे सरले आणि कावळा झपकन उतरला. मामींनी डोळ्याला पदर लावला.

मी ताईच्या कानात म्हटलं, "माणसं मागे सरली म्हणून आला तो. गर्दीला बिचकतात कावळे."

"मग आधी बोलायला काय झालं होतं? पाय भाजले सगळ्यांचे!"

एक मात्र खरं. मृत्युपत्र असतं तर भावांनी कोर्टात नेलं असतं. कावळ्याच्या निकालावर अपील नाही. ब्लॉक अजून मामींच्याच नावावर आहे. पुराव्याने ज्याचा निवाडा होत नाही आणि जे टाळताही येत नाही, तिथे मनाचा कौल घ्यायला हरकत नाही, असं विल्यम जेम्सने १८९६ साली मांडलं होतं. त्याला आमच्यात बसायला पाट नक्की मिळाला असता.

पण शेजारच्या पिंडाशी वेगळंच चाललं होतं. तिथेही कावळा येत नव्हता, आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळत होत्या. "शेवटी शेवटी हाल झाले हो त्यांचे," एक आत्याबाई कावळ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. सासऱ्यांचं अंथरुणातलं सगळं त्या सुनेनेच केलं होतं म्हणे. बाकीच्यांच्या मनाला समाधान हवं, आणि त्याचं बिल हिच्या नावावर. इथे मात्र मी तडक क्लिफर्डच्या पक्षात गेलो. अर्थात मनातल्या मनात. आत्याबाईंचा आवाज मोठा होता.

सुटका केली गुरुजींनी. पिशवीतून दर्भाचा कावळा काढला, पिंडाला टेकवला आणि "शिवला" म्हणून जाहीर केलं. दर्भाला सासऱ्यांची इच्छा कशी कळली, हे कुणी विचारलं नाही. आत्याबाईंनी तेवढं तोंड उघडलं, पण गुरुजी पळी-भांडं आवरत म्हणाले, "चला, चला, अकराला मला दुसरीकडे जायचंय."