नऊ हजार नऊशेचा उजेड

अकोले, संगमनेर, राहुरीच्या उसात बिबट्या आहे आणि शेतीपंपाची वीज पाळीने रात्री येते; म्हणून दारं धरणाऱ्याच्या हाती बॅटरी आली. दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनीच्या पहिल्या काही प्रकल्पांतला एक याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला. पण सगळ्या शिवारांत तो दिवस उगवेपर्यंत सेल विकत घ्यावाच लागणार. त्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं असतं. १८ मिलिमीटर जाडीच्या, ६५ मिलिमीटर लांबीच्या या नळकांड्यात नामांकित कारखान्यांनाही साडेतीन-चार हजारांपलीकडे जाता आलेलं नाही. गल्लीतल्या छपाईवाल्याने मात्र केवळ शाईच्या बळावर अडीचपट मजल मारली, तरी त्याला एखादा पुरस्कार नाही, हा अन्यायच म्हणायचा.

‘पेटतो ना, मग झालं,’ असं म्हणणारे भेटतात. पेटतो खरा, पण आत बहुधा जुन्या लॅपटॉपमधला थकलेला सेल नव्या वेष्टनात बसवलेला असतो. तो दुकानात झगमगतो आणि उसाच्या मधोमध मान टाकतो. शिवाय त्यात संरक्षक सर्किट नसेल, तर चार्जिंगला लावून झोपणं धोक्याचंच. महाग पडतं, हा आक्षेप रास्त; मात्र दर हंगामाला स्वस्त सेल घेणाऱ्याने बेरीज करून पाहावी. अस्सल सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. हलका भरला तर खोटा समजावा. जड भरला म्हणून खरा ठरत नाही, कारण आत भुकटीही भरतात. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणीचा आर-क्रमांकही छापता येतोच, म्हणून तो बीआयएस केअर ॲपमध्ये तपासावा आणि कोणत्या कारखान्याचं नाव निघतं ते दुकानदारालाच मोठ्याने वाचायला सांगावं.