चट्ट्यापट्ट्यांचे भाऊसाहेब

पान पिवळं पडलं की वऱ्हाडातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं की सोयाबीन पिवळं, पांढऱ्या माशीनं रोग आणला की मूग पिवळा, आणि लाल्या आला की कपाशीचं काही खरं नाही. अशा मुलखात राहून भाऊसाहेब मात्र पानावर पांढरा चट्टा उमटला की पेढे वाटतात.

अमरावती-अकोल्यात हल्ली दर कॉलनीत असा एक भाऊसाहेब निघतो. नुकताच निवृत्त, मुलं पुण्यात, गच्चीवर हिरवी जाळी. कोणाकडे गेले की यजमानांआधी कुंडीची विचारपूस. चष्मा कपाळावर, पान उलटं, देठावरून अंगठा. "पन्हळ लागते हाताला. मनी प्लांट आहे हा. फिलोडेंड्रॉन सांगून दिला ना तुम्हाला?" यजमानीणबाईंचा चेहरा साखरेचा रिपोर्ट आल्यासारखा होतो. भाऊसाहेबांना त्याचं काय! 1880 मध्ये या वेलाला पोथॉस म्हटलं. पुढं पंडितांनी त्याला या घराण्यातून त्या घराण्यात दत्तक दिलं आणि 1964 मध्ये तो एपिप्रेम्नमच्या पदरात पडला. कारण हा वेल सहसा फुलतच नाही. "चौऱ्याऐंशी वर्षं!" भाऊसाहेब हात उडवतात. "फुलाची वाट पाहत बसले. पान पाहायचं ना राजेहो!"

आमचे हे भाऊसाहेब अमरावतीचे; अकोल्यात जठारपेठेत दुसरे भाऊसाहेब आहेत. या दोघांत सध्या अबोला आहे. मनी प्लांटच्या एकाच कुंडीला हे 'मार्बल क्वीन' म्हणतात, ते 'स्नो क्वीन'. फरक इतकाच की दुसरीत पांढरं जास्त. किती जास्त, यावरून दोन जिल्ह्यांचे संबंध बिघडले. अकोलेकरांनी मागं गुलाबी पानांचा 'पिंक काँगो' भारी पैसे मोजून आणला होता; तो गुलाबी रंग औषध देऊन चढवलेला, काही महिन्यांत झाड हिरवंगार झालं. अमरावतीकरांनी त्या वेळी केलेला सांत्वनाचा फोन अकोलेकर अजून विसरलेले नाहीत.

घरात शिस्त कडक. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो बसून खाणारा. हिरवी फांदी जोमानं वाढते आणि सगळं झाड हिरवं करून टाकते. म्हणून ठणठणीत हिरवी फांदी दिसली की भाऊसाहेब कात्री चालवतात आणि पांढऱ्याफटक, मरणपंथाला लागलेल्या पानाला जपतात. मे महिन्यात पारा 45 वर गेला की कूलर मॉन्स्टेरासमोर. वहिनी पंख्याखाली. मॉन्स्टेराची एका डोळ्याची कांडी त्यांनी कितीला घेतली, हे वहिनींना आजतागायत ठाऊक नाही. माझी सहानुभूती अर्थात वहिनींकडे आहे, पण पोहे त्याच देतात, तेव्हा ती निखळ समजू नये.

परवा दर्यापूरचे साडू आले. चप्पल काढता काढताच थबकले. "भाऊसाहेब, ह्या झाडाले झिंकची कमी दिसते जी. फवारा मारा एक."

"अहो, व्हेरिगेटेड आहे ते!"

"असं पान तं माह्या भेंडीवर बी आलं. शिरा पार पिवळ्या, मधात हिरवं. अर्धा एकर गेली."

भाऊसाहेब खुर्चीतून उठले. केवडा रोग तो, विषाणूचा, हे त्यांना समजत नव्हतं असं नाही. पण अबुटिलॉनच्या ज्या चितकबऱ्या पानांवर लोक जीव टाकतात, तीही विषाणूचीच करणी, हेही त्यांना पाठ होतं.

"नक्षी सारखी आहे का सगळ्या पानांवर?"

"नक्षी?" साडूंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी पोह्यांची बशी पुढं केली. "उद्या उपटून जाळतो म्हटलं सारी."

"एक ठेवा," भाऊसाहेब म्हणाले. "मुळासकट. आणि अकोल्यात कोणाला बोलू नका."