अस्सलवादी

अस्सलवादी हा विंडोजवर युनिक्सच्या आज्ञा चालवणाऱ्या माणसांमधला एक ठळक प्रकार आहे. तो जगभर सापडतो, पण कोल्हापुरात त्याची वाढ विशेष जोमानं होते. अस्सल कुठलं आणि नकली कुठलं याचा निवाडा करायची सवय इथं संगणक येण्याच्या आधीपासून आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या मशीनशॉपची ऑफिसं, राजारामपुरीतल्या पाच खुर्च्यांच्या सॉफ्टवेअर कंपन्या आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅब ही त्याची वस्तिस्थानं. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं धावत असताना मागं कुणी येऊन उभं राहिलं की त्याला बरं वाटतं, एवढ्या खुणेवर तो ओळखता येतो.

त्याच्यापुढचं काम बहुधा साधं असतं. शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीतून हजेरीची फाइल येते आणि तिच्यातून रात्रपाळीच्या कामगारांच्या ओळी वेगळ्या काढायच्या असतात. ग्रेप ही आज्ञा ते एका ओळीत करते. पण ग्रेप विंडोजबरोबर येत नाही. तो कुठून आणायचा, इथं काम थांबतं आणि अस्सलवाद सुरू होतो.

जे हत्यार थेट विंडोजसाठी कंपाइल झालं तेच खरं, हा त्याचा मूळ सिद्धांत. ग्नूविन३२ या जुन्या संचातला ग्रेप हा सरळ विंडोजचा प्रोग्रॅम असतो. त्याला मध्ये दुभाषी लागत नाही आणि सी ड्राइव्हचे पत्ते जसेच्या तसे कळतात. सिगविनचं तसं नाही. सिग्नस कंपनीत १९९५ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात एक डीएलएल फाइल युनिक्सची वागणूक विंडोजवर उभी करते आणि साऱ्या आज्ञा तिच्यामार्फत बोलतात. युनिक्समध्ये प्रोग्रॅम स्वतःची प्रत काढून दुसरा जन्माला घालतो, त्याला फोर्क म्हणतात. विंडोजच्या नेहमीच्या व्यवस्थेत त्याला थेट जोड नाही. म्हणून सिगविन नवी प्रोसेस उघडतं आणि जुनीची मेमरी तिच्यात उतरवून घेतं. एका आज्ञेत हे जाणवत नाही. हजार आज्ञांच्या स्क्रिप्टमध्ये जाणवतं, आणि तेवढ्या वेळात अस्सलवादी चहा सांगतो, तो पितो आणि शेजारच्या सिगविनवाल्याला सुनावतो, “ह्ये अस्सल न्हाई, लगा. पुण्यात कोल्हापुरी मिसळ म्हणून देत्यात, तसलं हाय.”

हा आरोप काटेकोर पाहता अन्यायाचा आहे. सिगविनचे प्रोग्रॅमही विंडोजसाठीच कंपाइल केलेले असतात. फक्त सामायिक लायब्ररीवर टेकलेले. अस्सलवाद्याला हे ठाऊक असतं, तो ते बोलत नाही. त्याची स्वतःची रोजची खिडकी असते गिट बॅशची. गिट बॅश उभी आहे एमसिस२ वर, आणि एमसिस२ सिगविनच्याच वंशातलं. ही वंशावळ त्याच्यासमोर काढू नये. तिरक्या रेघेनं सुरू होणारा शब्द दिसला की गिट बॅश त्याला पत्ता समजते. प्रोग्रॅम जबरीनं बंद करायला तिरकी रेघ आणि एफ लिहिलं, तर विंडोजच्या हातात पडतो चक्क एफ ड्राइव्ह. यालाही अस्सलवादी ‘सवयीचा भाग’ म्हणतो.

खरं तर अस्सल बाजूलाही खड्डे आहेत. विंडोजचा स्वतःचा एक फाइंड आहे, तो फाइलीतला मजकूर शोधतो. युनिक्सचा फाइंड फाइली शोधतो. नाव एक, धंदे दोन. साध्या कमांड प्रॉम्प्टवर बहुधा विंडोजचाच पुढं येतो आणि पॅरामीटरची मांडणी चुकल्याचं सांगून हात वर करतो. सॉर्टचीही तीच गत.

मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये विंडोज १० मध्येच डब्ल्यूएसएल नावाची लिनक्सची सोय आणली आणि या पंथाची पंचाईत झाली. डब्ल्यूएसएलच्या पहिल्या आवृत्तीत लिनक्सच्या सिस्टिम कॉलचं विंडोजसाठी भाषांतर होत असे, तेव्हा नाक मुरडायला जागा होती. २०२० मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत आभासी यंत्र आहे आणि त्यात लिनक्सचं खरं कर्नेल. म्हणजे ग्रेप अस्सल, पण यंत्र खोटं. यावर कट्ट्यावर महिनोन्‌महिने निकाल लागला नाही. शेवटी अस्सलवाद्याला एक न्यून सापडलं: तिथून सी ड्राइव्हच्या फाइली वाचायला वेळ लागतो. फाइली लिनक्सच्या बाजूला ठेवाव्यात हा त्यावरचा उपाय. पण अकाउंटंटची एक्सेल तिथं कोण नेणार? अकाउंटंटनं तोवर एक्सेलमध्ये फिल्टर लावून रात्रपाळी वेगळी काढलेली असते.

मराठी मजकूर आला की वादाला स्थानिक धार चढते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘कोल्हापूर’ हा शब्द डब्ल्यूसी आज्ञेला मोजायला दिला, तर बाइट २७ येतात, चिन्हं ९. शाळेतल्या पोराला विचारलं, तर अक्षरं ४. यूटीएफ-८ न कळणारी जुनी आवृत्ती चिन्हंही २७ सांगते. आपलं गाव मोठं दिसतंय म्हणून अस्सलवादी ती सुधारत नाही.

मॅकबुकवाला मात्र या भांडणात पडत नाही. त्याचं यंत्र २००७ पासून प्रमाणपत्रधारी युनिक्स आहे. पण त्यातला सेड, म्हणजे मजकूर बदलणारी आज्ञा, बीएसडी घराण्याचा. लिनक्सवर चाललेली ओळ तिथं अडते आणि तोही गुपचूप ग्नूचा सेड उतरवून घेतो.

एवढं असूनही अस्सलवादी उपयोगी प्राणी आहे, हे मान्य करायला हवं. विंडोज ओळ संपवताना दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, युनिक्स एकच. फाउंड्रीच्या फाइलीतलं जादा चिन्ह शेवटच्या रकान्याला चिकटतं आणि डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी दोन नावं जुळत नाहीत. पगार अडतो, मालक फोनवर फोन करतात. अशा वेळी अस्सलवादी येतो आणि ते चिन्ह उडवून दोन मिनिटांत मोकळा होतो.

कारखान्यातल्या संगणकावर काही बसवायची परवानगी नसते. तिथं तो खिशातून पेनड्राइव्ह काढतो. त्यात बिझीबॉक्सची विंडोज आवृत्ती असते: एकच फाइल, इन्स्टॉल करायची भानगड नाही, आत ग्रेप, सेड, ऑक सगळं. ते विंडोजसाठीच कंपाइल झालेलं आहे, म्हणून तो त्याला अस्सल म्हणतो. सिगविनवाल्याच्या पेनड्राइव्हमध्येही तेच असतं. त्याच्या मते ती लिनक्सची उत्तम नक्कल आहे.