खटारेकर

कोरमंगलात फ्लॅट घेणारा माणूस आधी पार्किंग विचारतो, मग कावेरीचं पाणी, आणि देवघर कुठल्या दिशेला बसेल ते सगळ्यात शेवटी. खटारेकरांनीही याच क्रमाने विचारलं होतं. पण शेजाऱ्यांच्या क्रेटा आणि इनोव्हा जिथे सावलीत उभ्या असतात, त्याच रांगेत खटारेकरांच्या जागेवर १९५२ सालचा एक फार्गो पिकअप सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवलेला आहे. चाकं नाहीत, बॉनेट नाही, हौद्यात एक जुनी गादी. खटारेकरांची रोजची गाडी बाहेर रस्त्यावर असते आणि तिच्यावर परिसरातल्या कबुतरांचं बारीक लक्ष असतं.

खटारेकर हे कुणा एका गृहस्थाचं आडनाव समजू नये. ही जमात आहे. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, मूळ गाव पुणे, सांगली नाहीतर बेळगाव, नोकरी संगणकाच्या कंपनीत. गृहकर्जाचा शेवटचा हप्ता गेला की या वयाच्या माणसाला काहीतरी व्हायला लागतं. कुणी मॅरेथॉन धावतो, कुणी घरच्या घरी पाव भाजतो, कुणी चिनी बासरी मागवतो. खटारेकर हॉट रॉड बांधायला घेतात. पूर्ण कधी होणार, असं विचारलं तर ‘दिवाळीपर्यंत’ म्हणतात. कुठल्या, ते सांगत नाहीत.

हॉट रॉड म्हणजे काय, हे जेवायला आलेल्या प्रत्येकाला ऐकावं लागतं, आणि खटारेकर सांगतात ते खरंच असतं. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन बसवलं, ६५ अश्वशक्तीचं. काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात मातीमोल भावाने मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांचे मडगार्ड उपटले, टप कापून खाली आणला, वजनाचं जे जे होतं ते फेकून दिलं आणि म्यूरॉक, एल मिराज असल्या सुकलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या बेफाम पळवल्या. १९३७मध्ये या पोरांची रीतसर संघटना झाली. युद्धावरून परतलेल्यांनी हे वेड वाढवलं आणि जानेवारी १९४८मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकच निघालं.

थोडक्यात, खिशात पैसे नसलेल्या पोरांनी वेगापायी केलेला हा उद्योग. कोरमंगलात तो पैसे असलेल्या पोक्त माणसांनी वेग नसलेल्या शहरात आणला. टॉमटॉमच्या २०२३च्या पाहणीत बंगळुरूत दहा किलोमीटर जायला सरासरी अठ्ठावीस मिनिटं लागत होती. कोरमंगलातल्या सोनी वर्ल्ड सिग्नलला तर ती सरासरीही चैन वाटते.

पण फार्गोच का? या प्रश्नाची खटारेकर वाटच बघत असतात. फार्गो म्हणजे क्रायस्लरचा डॉजच, फक्त नाव वेगळं. आणि आपल्याकडे या गाड्यांची जोडणी झाली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. प्रीमियर काढली १९४४ साली वालचंद हिराचंदांनी. वालचंद सोलापूरचे. त्याच वालचंदांनी डिसेंबर १९४०मध्ये म्हैसूर संस्थानाला हाताशी धरून इथे बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली, जिचं पुढे एचएएल झालं. इथवर आलं की खटारेकरांचा आवाज चढतो. जणू विमानांच्या कारखान्यानंतर राहिलेलं काम वालचंदशेठ त्यांच्यावर सोपवून गेलेत.

इंजिनाच्या बाबतीत अमेरिकेचा कित्ता गिरवायचा तर व्ही-८ हवं. ते इथे मिळत नाही आणि मिळालं तर त्या पैशात गावाकडे जमीन येते. म्हणून इथल्या शिवाजीनगरच्या गुजरीतून, म्हणजे भंगारबाजारातून, टोयोटा क्वालिसचं इंजिन आलं, सोबत तिचाच गिअरबॉक्स. क्वालिस बिडदीच्या कारखान्यात २००० ते २००५ या काळात निघत असे, आणि एकेकाळी याच कोरमंगलातून कॉल सेंटरच्या रात्रपाळीवाल्यांना ती पहाटे घरोघर सोडत असे. कारखाना टोयोटाचा आणि किर्लोस्करांचा. किर्लोस्कर म्हणजे बेळगाव, लक्ष्मणरावांचं सायकलचं दुकान, १९१०ची किर्लोस्करवाडी. तेव्हा अंग सोलापूरकराचं आणि काळीज बेळगावकराचं, असा हा पिकअप शंभर टक्के मराठी ठरतो. जपान आणि अमेरिका हे तपशील.

एक गोष्ट मात्र ते आपण होऊन सांगत नाहीत. फार्गोचं मूळ इंजिन सहा सिलिंडरांचं, एका रांगेत. वाल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये आणि वरचं हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. जुनाट खरं, पण कागदावर त्याची ताकद शंभर घोड्यांच्या आसपास. क्वालिसचं डिझेल पंचाहत्तरचं. इंजिन बदलल्यावर जिची ताकद कमी झाली अशी हॉट रॉड कॅलिफोर्नियात कुणी बांधली असेल असं वाटत नाही.

सुटे भाग मिळवणं हा तर वेगळाच संसार. शनिवारी सकाळी खटारेकर जे.सी. रोडला जातात. ‘कौनसी गाडी, सार?’ असं काउंटरवरचा पोरगा विचारतो. ‘फार्गो’ म्हटलं की तो आतून वडिलांना बोलावतो. वडील चष्मा कपाळावर ढकलून हातातला बुश उलटसुलट बघतात आणि म्हणतात, ‘हौ सार, मिलता था. अब्बा के टैम पे.’ आणि चहा मागवतात. एवढ्यावर खटारेकर खूश. चौदा वर्षांत त्यांचं कन्नड ‘गोत्तिल्ला’च्या पुढे सरकलं नव्हतं. आता बेअरिंग, पाटे, किंगपिन या विषयांवर ते अस्खलित बोलतात. भाजीवालीशी अजून इंग्रजीतच.

अडुगोडीच्या बाजूचा एक लेथवाला त्यांना जुन्या मापाचे भाग कातून देतो. देतो म्हणजे ‘नाळे बन्नी, सार’ म्हणतो, उद्या या. नव्वदच्या दशकात बंगळुरूत रात्री दारावर थाप मारणाऱ्या एका भुताची आवई उठली होती, आणि लोक दारावर ‘नाळे बा’ असं लिहून ठेवत. भूत ते वाचून मुकाट परत जाई, दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाची. खटारेकर कित्येक शनिवार या भुताच्या मार्गाने चालले आहेत.

घरी पाहुणा आला की त्याची रवानगी तळमजल्यावर. काम एकच: मोबाइलचा टॉर्च धरणे. पुण्याहून मुंजीचं आमंत्रण द्यायला आलेले एक मेहुणे असेच फार्गोखाली उकिडवे बसले होते. खटारेकर पाठीवर झोपून हात पुढे करत, ‘चौदाचा दे.’ मेहुणे नऊ-सोळांशाचा पाना देत. ‘अरे, हा इंचाचा. चासी इंचाची आहे, इंजिन मिलिमीटरचं!’ या पिकअपमध्ये पुढून मागे जाताना दोनदा मोजमापाची पद्धत बदलते. त्यामुळे पान्यांच्या पेट्या दोन, आणि हवा तो पाना कायम दुसरीत. नऊ-सोळांशाचा पाना चौदाच्या नटावर जवळजवळ बसतो, हीच तर खरी मेख: जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा. त्या दिवशी मेहुण्यांचा पांढरा झब्बा ग्रीसने माखला आणि आमंत्रणाची अक्षत क्लचच्या घरात सांडली.

विजेचंही तेच. त्या काळचे फार्गो सहा व्होल्टचे, आणि बॅटरीचं धन टोक चासीला जोडलेलं. क्वालिस बारा व्होल्टची, तिचं ऋण टोक चासीला. सहा व्होल्टचा हॉर्न बारावर लावला की तो आधी दुप्पट उत्साहाने वाजतो आणि मग कायमचा गप्प होतो. हे ज्ञान इमारतीतल्या सगळ्यांना एकदम, रात्री अकरा वाजता झालं.

खटारेकरांची खरी कसोटी मात्र कायद्यापुढे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने गाडी जशी बनवली त्यात मूलभूत फेरफार चालणार नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट करून सांगितलं. मग जुलै २०२१मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही मानाची अक्षरं. अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी, आणि रोजच्या वापराला काढायची नाही. म्हणजे जुनेपणाचा मान हवा तर हात लावायचा नाही. हात लावला तर मान गेला, आणि हात लावायला मुळात मनाई. हॉट रॉड या दोन कलमांच्या बरोबर मधल्या फटीत राहते. केए-०१ पाटीचं आरटीओ कोरमंगलातच, बीडीए कॉम्प्लेक्समध्ये आहे. खटारेकर तिथून जाताना मान खाली घालतात.

यावर त्यांनी मराठी तोड काढली आहे. मूळचं काहीच टाकायचं नाही. उद्या कुणी विचारलंच तर एका रात्रीत सगळं जागच्या जागी! म्हणून फार्गोचं इंजिन आणि गिअरबॉक्स तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले आहेत. ब्लॉक बाल्कनीत. गिअरबॉक्स दिवाणाखाली, सोलापुरी चादरीत. क्रँकशाफ्ट आडवा ठेवला तर वाकतो असं जुने मिस्त्री सांगतात, म्हणून तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभा, तेल पुसून चकचकीत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी समई समजून त्याला हात जोडले आणि ‘पंचधातूची का हो?’ असं विचारलं. वहिनींनी ‘हो, सासरची’ म्हणून सांगितलं.

वहिनी या सगळ्यात विरोधी पक्ष नाहीत, हे नमूद केलं पाहिजे. त्यांचा आक्षेप फक्त वेळापत्रकावर. इजिपुराचा अडीच किलोमीटरचा फ्लायओव्हर २०१७ साली सुरू झाला आणि मुदतीमागून मुदती खात गेला. फार्गोही त्याच सुमाराला घरात आला. ‘अहो, त्यांना निदान खांब तरी उभे करता आले,’ असं त्या म्हणतात.

घरी गाडी बनवणाऱ्या मराठी माणसाचं नाव निघालं की सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात. भंगारातून, साठेक हजार रुपयांत, मोटरसायकलसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप त्यांनी बनवली. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. नियमात बसत नसल्याने तिला आज ना उद्या अडवतील, हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात लोहार कुटुंबाच्या दारात बोलेरो उभी राहिली. खटारेकर हा विषय बदलतात. ‘वेगळी कॅटेगरी आहे ती,’ म्हणतात. वेगळी आहेच. लोहारांची गाडी पूर्ण झाली होती.

सोसायटीची नोटीस दर सहा महिन्यांनी येते: बेवारस वाहन हटवावे. बेवारस नाही हे सिद्ध करायचं तर गाडीचं काहीतरी कार्य करायला हवं, म्हणून गेल्या खंडेनवमीला खटारेकरांनी फार्गोला चाकं चढवली. बंगळुरूत त्या दिवशी आयुधपूजा जोरात असते. बसपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार, रस्त्यावर कुंकू भरलेले कोहळे फोडायचे (दुचाक्या घसरतात म्हणून पोलीस दरवर्षी नको म्हणतात, लोक दरवर्षी फोडतात), आणि चाकाखाली लिंबं ठेवून गाडी त्यांवरून पुढे न्यायची. चारही चाकांखाली लिंबं ठेवली गेली. इंजिन जागेवर होतं, पण डिझेलची नळी अजून लेथवाल्याकडे. म्हणून वॉचमन, इस्त्रीवाला आणि समोरच्या पीजीतली चार पोरं ढकलायला लागली. खटारेकर स्टिअरिंगवर, डोक्याला फेटा. वहिनींनी ओवाळलं.

लिंबं चिरडली. टाळ्या पडल्या. फार्गो उतारावरून गेटकडे निघाला आणि टाळ्या थांबल्या तरी तो थांबेना. हॉर्न तर कधीच गेलेला, म्हणून खटारेकर खिडकीतून तीन भाषांत लोकांना बाजूला व्हायला सांगत होते. ब्रेकचे सिलिंडर स्लीव्ह मारायला दिलेले. ‘हँडब्रेक, सार, हँडब्रेक!’ वॉचमन मागून धावत ओरडला. पण फार्गोचा हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो; आणि तो या क्षणी तिसऱ्या मजल्यावर, दिवाणाखाली, सोलापुरी चादरीत होता.