नानांचे वाजणारे खिसे

नानांच्या शर्टाला दोन खिसे, आणि दोन्ही वाजतात. डाव्यात पॅन्टोप्राझोलची पट्टी, उजव्यात रॅनिटिडीनची. पिशवीत गुलाबी अँटासिडची बाटली आणि फसफसणाऱ्या पावडरीची पाकिटं. प्रवासाला निघताना लोक कुलूप ओढून बघतात, नाना खिसे चाचपतात.

खानदेशात असा एक नाना दर गल्लीत सापडतो. नंदुरबारची मिरची, शेवभाजीवर बोटभर तवंग आणि रात्री अकराचं जेवण यांच्याशी भांडण घ्यायचं नाही, म्हणून तो गोळीशी सोयरीक करतो. शिवाय तो दानशूर असतो. कुणी नुसतं छातीवरून हात फिरवला, तरी पट्टी कुर्रकन फाटते.

शहाद्याहून आम्ही जीपने तोरणमाळला निघालो. राणीपूर मागे पडलं, घाट सुरू झाला, आणि सात पायरीच्या वळणांवर मागच्या सीटवरच्या सूनबाईंचा चेहरा उतरला. नाना वळलेच.

"जयजय व्हस ना? ले, गोयी."

"नाना, जळजळ नाही, तिला घाट लागलाय," पुतणी म्हणाली. ती शिरपूरला डी. फार्म. करते. "वळणं कानाला कळतात, डोळ्यांना पटत नाहीत, म्हणून मळमळतं. ते पोटातल्या आम्लाचं काम नाही. तिला पुढे बसवा."

सूनबाई पुढे गेल्या आणि सावरल्या. नानांनी गोळी परत पट्टीत बसवायचा प्रयत्न केला. ती बसेना, म्हणून स्वतःच खाल्ली.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरहून उंच. यशवंत तलावाकाठचा गार वारा लागताच नानांनी निकाल दिला, की इथल्या पाण्यावर दगडही पचतो. मग ज्वारीची भाकरी, शेवभाजी, ठेचा, पुन्हा ठेचा. दुपारी धडगावच्या आमचुराचं पुडकं घेतलं, त्यातल्या दोन फोडी तिथेच चोखल्या. मग डाव्या खिशातली गोळी काढून दाढेखाली कडाकड चावली.

पुतणीने डोळेच मिटले.

"नाना, तिच्यावर लेप असतो. पॅन्टोप्राझोल आम्लात टिकत नाही, म्हणून ती लेप पांघरून पोटातून निसटते, आतड्यात विरघळते आणि रक्तातून परत पोटाकडे येते. तुम्ही लेपच फोडलात. आणि घेतलीत कधी, तर जेवल्यावर! पोटात आम्ल सोडणारे पंप असतात, ते जेवणाने जागे होतात. गोळी जाग्या पंपांनाच धरते. म्हणून ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, पाण्याबरोबर अख्खी गिळायची. पूर्ण गुण यायलाही काही दिवस जातात."

"मंग सात साल पासून माले बरं कसं वाटस?"

"बरं वाटतं, म्हणून दिवसाला दोन-दोन लागतात का?"

नाना उजव्या खिशाकडे वळले. तिथेही सुटका नव्हती. रॅनिटिडीनमध्ये कर्करोगाचा धोका वाढवू शकणारी अशुद्धी सापडली, अमेरिकेने २०२० साली ती बाजारातून काढायला लावली, आपल्याकडच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही २०२२ साली तिचं नाव गेलं, असं पुतणीने सांगितलं. नाना म्हणाले, "अमेरिकानी मिरची तिखी ऱ्हास का?"

खरा चोर सापडला तो मात्र पँटच्या खिशात. गोरखनाथाच्या देवळाकडे निघण्याआधी नानांनी गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळी काढली. ती रोजचीच, आणि चिठ्ठी कुणाचीच नाही.

"ही पोटाचं अस्तर उघडं पाडते," पुतणी म्हणाली. "म्हणजे एका खिशाने आग लावता आणि दुसऱ्याने विझवता. पोटातल्या व्रणाची दोन मोठी कारणं आहेत. एक या गोळ्या, दुसरं एक जिवाणू, हेलिकोबॅक्टर पायलोरी. कुणाला पटेना, तेव्हा बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ साली तो स्वतः पिऊन दाखवला. २००५ साली त्याला आणि रॉबिन वॉरनना नोबेल मिळालं."

एरवी नाना इतक्या एकाग्रतेने काहीच ऐकत नाहीत. "म्हणजे मिरचीना काही गुन्हा नही ना?"

"व्रणाच्या बाबतीत नाही, पण..."

'पण'च्या पुढचं नानांनी ऐकलं असेल, असं मला वाटत नाही. जळजळ मिरचीने वाढू शकते, उशिरा जेवून लगेच आडवं झाल्याने तर हमखास, हे त्या 'पण'मध्येच राहिलं. पट्टीमागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, की चिठ्ठीशिवाय विकू नये. नानांच्या मते ती सूचना दुकानदाराला आहे. विकू नये म्हटलंय, खाऊ नये कुठे म्हटलंय?

मात्र पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो, हे ऐकल्यावर माणूस घाबरला आणि पट्टी सीताखाईत भिरकावायला निघाला. पुतणीने हात धरला. एकदम बंद केली की दाबून ठेवलेलं पोट काही आठवडे उसळून आम्ल सोडतं. माणसाला वाटतं, बघा, मला गोळी लागतेच! तेव्हा डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची. शौचाला काळं होणं, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं किंवा उगाच वजन घटणं दिसलं, तर मात्र गोळ्या चघळत बसायचं नाही. "आणि चढण चढताना छातीवर दाब आला, दरदरून घाम सुटला, तर त्याला पित्त म्हणायचं नाही. पट्टी न फाडता दवाखाना गाठायचा. इथून घाट उतरायला किती वेळ लागतो, बघितलंत ना?"

नाना गप्प झाले. शहाद्याला डॉक्टरांकडे जायचं त्यांनी कबूल केलं. वेदनाशामक गोळी पुतणीच्या पर्समध्ये गेली.

रात्री आम्ही जेवायला बसलो. भाकरी आली, वाफाळती भाजी आली. पहिला घास उचलणार, तोच नानांनी सगळ्यांना हात आडवा केला. त्यांनी गोळी नुकतीच गिळली होती, अख्खी, पाण्याबरोबर. घरातल्या मोठ्या माणसाआधी जेवायची आमच्यात रीत नाही. हॉटेलवाला दोनदा म्हणाला, भाजी निवतेय. नानांनी मनगट वर करून त्याला घड्याळ दाखवलं.

"आखो अकरा मिनिटं शेतस."