‘नक्की’ म्हणजे बहुतेक

स्पॅनिश लोक फिलिपिन्समध्ये १५६५ साली ठाण मांडून बसले, ते १८९८ मध्ये उठले. एवढ्या मुक्कामात त्यांनी तिथल्या लोकांना धर्म दिला, १८४९च्या हुकमानं आडनावं दिली आणि शब्द तर पोत्यानं दिले. खिडकी तिथे ‘बिंताना’, चमचा ‘कुत्सारा’, बटाटा ‘पातातास’. (आपला बटाटा पोर्तुगिजांकडचा, तेव्हा हे दोघे मावसभाऊच.) या सगळ्यांत माझा लाडका शब्द ‘सिगुरो’. स्पॅनिशमध्ये ‘सेगुरो’ म्हणजे खात्रीचा, पक्का. विम्यालाही तेच नाव. तागालोग भाषेत मुरल्यावर त्याचा अर्थ झाला ‘बहुतेक’!

दुबईत नोकरीला असताना माझ्या शेजारच्या टेबलावर बातांगासची एक बाई होती. तिच्याहून लहान फिलिपिनो तिला ‘आते’ म्हणत. मराठी कानाला आत्या ऐकू येई, प्रत्यक्षात ती ताई. गावाकडच्या भावाला पैसे पाठवले की ती स्पीकरवर दरडावून विचारायची, “सिगुरादो का बा?” यातला ‘का’ म्हणजे ‘तू’, प्रश्नाचं काम ‘बा’ करतो. आणि ‘सिगुरादो’ म्हणजे खरीखुरी खात्री असलेला. पलीकडून शांतपणे उत्तर यायचं, “सिगुरो.” आतेचा हात कपाळाला! सवाल-जवाब दोन्ही एकाच स्पॅनिश घराण्यातले: “नक्की ना?” “बहुतेक.”

खुद्द स्पॅनिशांनाही फार बोलायची सोय नाही. त्यांच्याकडे ‘सेगुरामेंते’ म्हणजे वरकरणी ‘खात्रीनं’, पण बोलताना त्याचा अर्थ ‘बहुधा’ असाच घेतात.

आपणही हसू नये. राजीनामा हा मुळात राजीखुशीचा, संमतीचा कागद. मराठीत आल्यावर तो खुर्ची सोडण्याचा झाला, आणि तो देताना राजी कुणीच नसतं. पण आपलं खरं कर्तृत्व ‘नक्की’त आहे. “रविवारी जेवायला येतो, नक्की!” या वाक्यावर विसंबून कुठल्या घरात जास्तीची कणीक मळली जाते? सुतार “उद्या नक्की” म्हणाला की आपण कपाटाचं दार तसंच दोरीनं बांधून ठेवतो. मग ‘नक्की’च्या डोक्यावर ‘अगदी’ चढवायचं, त्यावर ‘शंभर टक्के’, आणि तरी सकाळी फोन करायचा. उलट ज्याला खरोखर यायचं असतं तो “बघतो, जमलं तर” असं पुटपुटतो आणि साडेबाराला बायकामुलांसह दारात हजर होतो.

फिलिपिनोंनी निदान शब्दकोशात खरं ते लिहून टाकलं आहे. आपल्या कोशकारांनीही पुढच्या आवृत्तीत ‘नक्की’पुढे ‘बहुतेक’ हा दुसरा अर्थ छापावा, अशी नम्र विनंती. तोवर यजमानांनी ‘नक्की’ म्हणणाऱ्यांची पानं निम्मीच मांडावीत.